गोड बोलणं वेगळं, चांगलं असणं वेगळं



मार्च संपला, वर्षाचे हिशेब मिटले. आता बऱ्याच गटांमध्ये पदाधिकारी बदलायची वेळ आली आहे. बैठकीत विषय निघतो, "यंदा अध्यक्ष कोणाला करायचं?" थोडा वेळ सगळ्या एकमेकींकडे बघतात. मग कुणीतरी म्हणतं, "हिला करा ना, चांगली आहे बिचारी." झालं! ठराव लिहिला, सह्या झाल्या, चहा झाला, बैठक संपली.

"चांगली आहे" एवढ्या दोन शब्दांवर आपण गटाची पेटी, बँकेतली सही आणि दहा-बारा घरांची बचत एकीच्या हातात देतो. म्हणून या अंकात थोडं थांबून विचार करू. चांगली म्हणजे नक्की कशी? आणि ते ओळखायचं कशावरून?

हा प्रश्न मी गावोगावच्या बैठकांमध्ये विचारत असते. उत्तरं साधारण सारखीच येतात. गोड बोलते. कुणाला नाही म्हणत नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. कधी चिडत नाही. हे सगळं ऐकायला छान आहे, अशा बाईशेजारी बसायलाही बरं वाटतं. पण नीट बघा, ही सगळी स्वभावाच्या मऊपणाची लक्षणं आहेत. मऊ स्वभावाची बाई चांगली असू शकते, तशी कडक स्वभावाचीही असू शकते. फणस बाहेरून काटेरी असतो, म्हणून आपण तो टाकून देतो का? आणि गोड बोलून गळा कापणारी माणसंही आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

शितावरून भाताची परीक्षा होते, माणसाची होत नाही

भात शिजला की नाही ते एक शीत दाबून कळतं, कारण एका पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचं तसं नसतं. त्याचा प्रत्येक दिवस वेगळ्या आचेवर जातो.

समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला एक प्रयोग अभ्यासाला होता. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन इथे झालेला हा प्रयोग 1973 साली प्रसिद्ध झाला. धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारे 40 विद्यार्थी त्यासाठी निवडले होते. त्यांना सांगितलं, पलीकडच्या इमारतीत जा आणि तिथे छोटं भाषण द्या. काहींना तर भाषणाचा विषयच असा दिला होता, की वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या भल्या माणसाची बायबलमधली गोष्ट. त्यांच्या वाटेवर एक माणूस मुद्दाम बसवला होता. दारात मान टाकून बसलेला, खोकणारा, कण्हणारा. कोण थांबतं ते बघायचं होतं.

काय झालं असेल? ज्यांना घाई नव्हती, त्यांच्यातले शंभरात 63 थांबले. ज्यांना सांगितलं होतं की "तुम्हाला उशीर झालाय, लवकर पोहोचा", त्यांच्यातले शंभरात फक्त 10 थांबले. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने.

यातून आपण दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, एखादी ताई एखाद्या दिवशी तोडून बोलली, थांबली नाही, तर तिच्यावर लगेच शिक्का मारू नका. त्या दिवशी टँकर आलेला असेल, घरी म्हातारं माणूस आजारी असेल. दुसरी गोष्ट त्याच्या उलट. एखादीने एकदा सगळ्यांसमोर मोठी मदत केली, लग्नात दोन हजारांचा आहेर केला, तेवढ्यावरून तिला देवीही करू नका. एक शीत म्हणजे सगळा भात नव्हे.

मग कशावरून ओळखायचं? जे पुन्हा पुन्हा घडतं त्यावरून. लहान लहान गोष्टींवरून, महिनोन्महिने. आणि आपल्या गटांची गंमत अशी, की ते आपल्याकडे बऱ्याच अंशी लिहिलेलं आहे! हजेरी आहे, इतिवृत्त आहे, बचत आणि कर्जाची वही आहे. नवरा-नवरीच्या पत्रिका बघतो तशी आपण ही पाने कधी बघत नाही एवढंच.

काय काय बघायचं?

1. शब्द पाळता येणार नसेल, तर ती आधी सांगते का?

हप्ता थकला म्हणजे बाई वाईट, असं अजिबात नाही. हे मला मोठ्याने सांगायचं आहे, कारण गटात सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो. पाऊस लांबला, मजुरी मिळाली नाही, गाय आटली, तर हप्ता थकणारच. गरिबी हा काही स्वभावातला दोष नाही.

बघायचं ते असं, की पैसे नसताना ती कशी वागली. बैठकीच्या आदल्या दिवशी येऊन म्हणाली का, "ताई, या महिन्यात शंभरच देऊ शकते, बाकीचे सोयाबीन विकल्यावर"? आणि सोयाबीन विकल्यावर खरंच दिले का? की बैठकीच्या दिवशी घराला कुलूप आणि फोन बंद? पहिलीचा हप्ता थकला, पण शब्द थकला नाही. अशा बाईवर विश्वास टाकायला हरकत नाही.

2. दुसरीची गोष्ट तिच्या पोटात राहते का?

कर्ज मागताना बाई कारण सांगते. कधी दवाखाना असतो, कधी लेकीचं सासर, कधी नवऱ्याची दारू. हे सांगायला फार मोठं धाडस लागतं. ती गोष्ट दुसऱ्या दिवशी नळावर ऐकू आली, तर ती बाई पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. मग ती गटाकडे न येता सावकाराकडे जाईल.

यात एक सोपी खूण आहे. जी तुमच्याजवळ बसून दुसरीचं सगळं सांगते, ती दुसरीजवळ बसून तुमचंही सांगते. ऐकायला गोड लागतं, पण खूण लक्षात ठेवा. मात्र कुणी मारहाण सोसत असेल, कुणाच्या जिवाला धोका असेल, तर ते पोटात ठेवायचं नसतं. तिला विचारून योग्य जागी सांगायचं असतं. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी 112 आहे. चहाडी कुठली आणि मदत कुठली, हे जिला कळतं तिची किंमत मोठी.

3. जिच्याकडून काही मिळणार नाही, तिच्याशी ती कशी वागते?

सरपंच बाईंशी, बँकेच्या साहेबांशी, आमच्यासारख्या ऑफिसातून आलेल्यांशी सगळ्याच नीट बोलतात. त्यावरून काही कळत नाही. गटातली जी सगळ्यात गरीब आहे, जिला सही येत नाही, जी एकटी आहे, तिच्याशी कशी बोलते ते बघा. अंगठा घेताना कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवते का, की "लाव गं इथे" म्हणून बोट धरते?

आणखी एक गोष्ट, जरा अवघड आहे पण लिहिते. बैठक आळीपाळीने सगळ्यांच्या घरी घ्यायची असं ठरतं, तरी काही वस्त्यांचं नाव कधी निघतच नाही. कुणाच्या घरचा चहा सगळ्या घेतात, कुणाच्या घरी "आत्ताच घेतला" म्हणतात. हे बोलायला कुणाला आवडत नाही, पण दिसतं सगळ्यांना. अशा वेळी जी ताई पहिल्यांदा म्हणते, "पुढची बैठक त्यांच्या ओट्यावर", ती चांगली.

आपल्याकडे याचा थोर दाखला आहेच. 1897 साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले 66 वर्षांच्या होत्या. लोक घरच्या आजाऱ्यालाही हात लावायला घाबरत होते. त्या वेळी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवलं. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. त्या मुलाकडून त्यांना काय मिळणार होतं? 1848 मध्ये मुलींच्या शाळेत शिकवायला जाताना अंगावर शेण-चिखल झेलणारी बाई पन्नास वर्षांनीही तशीच वागत होती. पुन्हा पुन्हा घडणं म्हणतात ते हेच.

4. हिशेब विचारला तर तिला राग येतो का?

"माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?" हे वाक्य ऐकलं की आपण गप्प बसतो, आपल्यालाच लाज वाटते. ताईंनो, लाजू नका. हिशेब विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. चांगली कोषाध्यक्ष स्वतःहून वही पुढे करते, पैसे सगळ्यांसमोर मोजते, बँकेची पावती दाखवते. बेरीज चुकली तर म्हणते, "हो गं, माझंच चुकलं, परत करू." चूक सगळ्यांकडूनच होते. बघायचं ते चूक सापडल्यावर ती वही लपवते की उघडते.

5. आपल्या माणसाला तिला नाही म्हणता येतं का?

सगळ्यांना हो म्हणणारी बाई सगळ्यांना आवडते. पण गटाचा पैसा वाटताना हीच सवय महागात पडते. जाऊबाईंचं आधीचं कर्ज बाकी आहे आणि त्यांना पुन्हा हवं आहे. तिकडे दुसऱ्या एका सदस्येच्या मुलाची कॉलेजची फी भरायची आहे. पदावरची बाई काय करते? "आधी फीचं बघू, तुमचं मागचं फिटलं की तुमचं" असं जावेच्या तोंडावर सांगायला हिंमत लागते. घरी चार दिवस अबोला सोसावा लागतो.

अशा बाईला गटात बहुतेक वेळा "कडक आहे", "तोंडाळ आहे" म्हणतात आणि पुढच्या वेळी तिला काढून मऊ बाई बसवतात. वर्षभरात थकबाकी वाढते, मग आम्हाला फोन येतो. तेव्हा कडक बाईला काढण्याआधी एकदा विचारा, ती सगळ्यांशी सारखीच कडक आहे का? स्वतःशीही आहे का? असेल तर तो कडकपणा नव्हे, न्याय आहे.

6. दुसरीचं भलं झालेलं तिला बघवतं का?

नवीन योजना आली, प्रशिक्षण आलं, मेळाव्यात स्टॉल लावायची संधी आली, तर ती बैठकीत सगळ्यांना सांगते की फक्त आपल्या बहिणीला? शेळीपालनात हिला चार पैसे मिळाले, तर कसे मिळाले ते दुसरीला शिकवते का?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे आपल्याला माहीत आहेत. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी बाईने गावरान बियाणं जपलं. लोक त्यांना बीजमाता म्हणतात आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी ते बी नुसतं घरात जपून ठेवलं नाही, दुसऱ्या शेतकऱ्यांना दिलं, बायकांना शिकवलं. ज्ञान असो नाहीतर बी, वाटल्याने वाढतं. असा जिचा स्वभाव असतो, तिच्या हाताखाली गट वाढतो.

आणि काय चांगुलपणा नाही?

आपल्याला लहानपणापासून शिकवलंय, चांगली मुलगी म्हणजे खाली मान घालणारी. चांगली सून म्हणजे सगळं सोसणारी. त्यामुळे आपण स्वतःलाही त्याच मापाने मोजतो. एखादी ताई म्हणते, "मी बोलले ना काल, वाईट वाटतंय." काय बोलली? तर "माझ्या नावावर कर्ज काढून देणार नाही" एवढंच!

हे खास लक्षात ठेवा. "तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरते" असं गोड बोलून पैसे उचलले जातात आणि शेवटी वसुलीवाला आपल्या दारात उभा राहतो. सही आपली, तर कर्ज आपलं. तिथे नाही म्हणणं यात काहीच वाईटपणा नाही. तसंच बाहेरून येऊन दामदुप्पट पैसे देतो म्हणणाऱ्यांचं. "आजच सही करा", "घरी इतक्यात सांगू नका", "तुमच्यासारख्या हुशार बाईलाच सांगतोय" ही तीन वाक्यं ऐकू आली की समजा, चांगलं माणूस असं बोलत नाही. चांगलं माणूस विचार करायला वेळ देतं आणि चार जणींना विचारून ये म्हणतं.

चांगल्या बाईलाही वही लागते

आता कुणी म्हणेल, एवढी पारखून चांगली बाई निवडली, मग हिशेब कशाला बघायचा? तर ऐका. 2019 साली संशोधकांच्या एका गटाने जगातल्या 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांहून जास्त पाकिटं "सापडली" म्हणून बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणच्या लोकांच्या हातात दिली. आत मालकाचा पत्ता होता. काही पाकिटांत पैसे नव्हते, काहींत होते. आपल्याला वाटेल, पैसेवाली पाकिटं कमी परत आली असतील. उलट झालं! बिनपैशाची शंभरात साधारण 40 पाकिटांबद्दल मालकाला कळवलं गेलं, पैसे असलेल्यांपैकी साधारण 51. संशोधक म्हणतात, माणसाला स्वतःच्याच नजरेत चोर ठरायचं नसतं.

म्हणजे बहुतेक माणसांना प्रामाणिक राहायचं असतं. पण घरात आजारपण आलं, पेटी जवळच आहे, कुणी बघत नाही, अशी वेळ चांगल्या माणसावरही येते. म्हणून पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे. बँकेत एकीच्या सहीवर पैसे निघायला नकोत. पैसे बैठकीतच मोजायचे. हे नियम चांगल्या बाईला सांभाळतात. उद्या कुणी तिच्यावर खोटा आळ घेतला तर वहीच तिची साक्षीदार होते.

आपली सगळी चळवळ यावरच उभी आहे. 1992 साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा फक्त 500 गट जोडायचं ठरलं होतं. आज अभियानातल्या गटाकडून 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सातबारा नाही, सोनं नाही, मग बँक बघते काय? पंचसूत्री बघते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि व्यवस्थित लेखे. म्हणजे दहा-बारा बायकांनी वर्षानुवर्षं एकमेकींशी सरळ वागल्याचा लेखी पुरावा. आपला चांगुलपणा हेच आपलं तारण!

पुढच्या बैठकीत हे करा

पदाधिकारी निवडायच्या आधी अर्धा तास काढा. गेल्या बारा महिन्यांची वही मध्ये ठेवा आणि जिला वाचता येतं तिने हजेरी, इतिवृत्त वाचून दाखवावं. मग प्रत्येकीने मनातल्या मनात तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची.

पैशाची अडचण आल्यावर आधी येऊन कोणी सांगितलं?

माझी खासगी गोष्ट मी कुणाजवळ निर्धास्त बोलू शकते?

जावेला, बहिणीला आणि परकीला कोण एकाच मापाने मोजतं?

उत्तर तोंडाने सांगायचं नाही. चिठ्ठी टाका. लिहिता येत नसेल तर प्रत्येक नावासमोर वाटी ठेवून, आडोशाला जाऊन, वाटीत एक-एक चिंचोका टाका. मोजणी सगळ्यांसमोर करा. अनेकदा असं नाव वर येतं, की जे "हिला करा ना" म्हणताना कुणाच्या तोंडी आलं नसतं. कोपऱ्यात बसणारी, कमी बोलणारी, पण दर महिन्याला वेळेवर येऊन सतरंजी अंथरणारी. तिला लिहिता येत नसेल तर घाबरू नका. लिहायला सचिव आहे, सीआरपी ताई आहे, आम्ही आहोत. आकडे लिहायला शिकवता येतं.

आणि घरी गेल्यावर हेच तीन प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा. कुणाला सांगायचं नाही, कुठे लिहायचं नाही. एखादं उत्तर "नाही" आलं तरी खचू नका. वर्षाला बारा बैठका असतात, आणि वहीचं पुढचं पान अजून कोरं आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक ताई